हरिश्चंद्रगडावर ‘कुठून’ जायचे, तेही छापावे

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

दिवाळी उलटली की हवा कोरडी होते, डोंगरावरचे गवत पिवळे पडू लागते आणि शनिवार-रविवारच्या पुरवण्यांमधून एका दिवसात जाऊन येण्याजोग्या डोंगरांच्या याद्या दिसू लागतात. आपल्या पुरवणीतही नुकतीच अशी एक यादी आली होती. तीत हरिश्चंद्रगडाचे नाव होते, कोकणकड्याचे देखणे छायाचित्र होते, ‘उंची सुमारे १,४२० मीटर, श्रेणी मध्यम’ अशी नोंद होती आणि मुंबई-पुण्याहून गड किती किलोमीटरवर आहे तेही दिलेले होते. गडावर कोणत्या गावातून चढायचे, एवढे मात्र कुठेच नव्हते. ही उणीव एकट्या आपल्या वृत्तपत्राची आहे असे मी म्हणणार नाही. भटकंतीवरच्या बहुतेक लिखाणात ती असते. परंतु या विशिष्ट डोंगराच्या बाबतीत वाटेचे नाव गाळून बाकी सगळे सांगणे म्हणजे औषधाचे नाव सांगून मात्रा न सांगण्यासारखे आहे, म्हणून हे पत्र लिहीत आहे. पत्र लांबले आहे याची जाणीव आहे. काटछाट करायची झाल्यास माझ्या आठवणीचा भाग कापावा, वेळांचा हिशेब कृपया कापू नये.

शेजारच्या कळसूबाईशी तुलना केली तर मुद्दा लवकर ध्यानात येईल. कळसूबाई १,६४६ मीटर उंच, म्हणजे राज्यातले सर्वोच्च शिखर. पण तिथे जाणारे बहुतेक लोक बारी गावातूनच वर जातात, वाटेत लोखंडी शिड्या लागतात, आणि गर्दीच्या दिवशी पुढच्या माणसाची पाठ पाहत चालले तरी माणूस देवीच्या देवळापाशी पोहोचतो. तिथे ‘कुठून?’ हा प्रश्न नवख्या माणसाला सहसा पडत नाही. हरिश्चंद्रगड तसा नाही. तो अहिल्यानगर, पुणे आणि ठाणे अशा तीन जिल्ह्यांच्या सीमेवर बसलेला आहे आणि प्रत्येक जिल्ह्याच्या अंगाने त्याला स्वतंत्र वाट आहे: अकोले तालुक्यातल्या पाचनईहून एक, जुन्नर तालुक्यातल्या खिरेश्वरहून दुसरी आणि मुरबाड तालुक्यातल्या बेलपाड्याहून, म्हणजे थेट कोकणातून, तिसरी. याखेरीज आडवाटा आहेत, त्यांची गणती मी येथे करत नाही. पहिल्या वाटेने सहावी-सातवीतला मुलगा आईवडिलांबरोबर वर जाऊन येऊ शकतो. दुसरीला सवयीचे पाय आणि मोठा दिवस लागतो. तिसरीवर दोर लागतो. तिन्हींच्या शेवटी हरिश्चंद्रेश्वराचे तेच देऊळ आणि तोच कोकणकडा. अशा डोंगराला ‘मध्यम’ म्हणायचे ते नेमके कोणत्या अर्थाने?

मी कल्याणचा. नोकरीत असताना आणि निवृत्तीनंतरही गेली तीसेक वर्षे या गडावर जात आलो आहे. किती वेळा गेलो ते मोजलेले नाही. गिर्यारोहणाचे कोणतेही प्रशिक्षण मी घेतलेले नाही आणि माझी चाल मध्यम, हल्ली तर मंदच आहे. पुढे ज्या वेळा देणार आहे त्या माझ्यासारख्या सामान्य माणसाच्या आहेत. तरुण मंडळी त्याहून लवकर जातील, पण तरुण मंडळींबरोबर पहिल्यांदाच डोंगर चढणारी एखादी मावशी किंवा कार्यालयातला एखादा जाडजूड मित्र असतोच, आणि गटाचा वेग त्यांचाच असतो.

पाचनईची वाट सर्वांत जवळची. गावातून निघाले की सुरुवातीला झाडी, मग कातळाच्या पोटाशी बाहेर आलेल्या कड्याखालून आडवे जाणारे चालणे, त्यानंतर ओढ्याच्या काठाने वर. ही वाट चुकणे अवघड, कारण एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला खोरे असल्याने पाऊल भलतीकडे वळायला जागाच नसते. माझ्या चालीने देवळापर्यंत दोन ते अडीच तास लागतात; उतरायला पावणेदोन. प्रवेश शुल्क गावातच घेतले जाते, कारण हा सगळा भाग १९८६ साली घोषित झालेल्या कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. गावात जेवण मिळते, वाटाड्या मिळतो, आणि वर देवळाच्या आसपास पाचनईकरांच्याच झोपड्यांतून पिठलं-भाकरीही मिळते. एका दिवसात जाऊन यायचे असेल आणि गटात कोणीही नवखे असेल तर ही एकच वाट निवडावी, असे माझे स्पष्ट मत आहे. तिला ‘सोपी’ म्हणून नाक मुरडणारे पुष्कळ भेटतात. गड पाहायला जायचे आहे की वाट जिंकायला, हे त्यांनी आधी ठरवलेले बरे.

मात्र या वाटेचा एक दोष सांगितलाच पाहिजे: ती मुंबई-ठाण्याच्या लोकांना रस्त्याने लांब पडते. कल्याणहून कसारा, घोटी, राजूर असे करत पाचनईला पोहोचायला साडेचार-पाच तास जातात. उलट खिरेश्वरला माळशेज घाट चढून, खुबी फाट्याला डावीकडे वळून, पिंपळगाव जोगा धरणाच्या कडेने अडीच-तीन तासांत जाता येते. पुणेकरांनाही आळेफाटामार्गे खिरेश्वरच सोयीचे वाटते. म्हणजे गाडीला जी वाट जवळची ती पायांना लांबची, असा हा उलटा व्यवहार आहे, आणि निवड चुकते ती बहुधा येथेच. नकाशावर अंतर पाहून लोक खिरेश्वर निवडतात, आणि रस्त्यात वाचलेले दोन तास डोंगर त्यांच्याकडून व्याजासकट वसूल करतो.

खिरेश्वरची वाट वाईट आहे असे नव्हे. खरे सांगायचे तर माझे मन आजही तिकडेच ओढ घेते. पायथ्याशी कोरीव छताचे नागेश्वराचे प्राचीन देऊळ आहे, तोलार खिंडीत दगडात कोरलेले वाघाचे शिल्प आहे, आणि खिंडीतून डावीकडे कातळावर चढताना मागे धरणाचे पाणी पसरलेले दिसते. त्या कातळटप्प्यावर आता आधाराला लोखंडी कठडे आहेत. पण बहुतेकांची अशी समजूत असते की खिंड आली, कातळ चढलो, म्हणजे गड आला. तसे नाही. कातळ चढून आल्यावर खरी लांबण सुरू होते: एक टेकडी उतरायची, दुसरी चढायची, मध्ये कारवीचे रान, मग ओढा, पुन्हा टेकडी. ‘सात टेकड्या’ असे तिथे म्हणतात. मला त्या प्रत्येक वेळी नऊ वाटतात. खिरेश्वर ते देऊळ हे चालणे माझ्या पायांना साडेचार-पाच तासांचे आहे, आणि परतीच्या टेकड्या तशाच चढ-उतारांच्या असल्याने उतरतानाही चार तासांखाली काम होत नाही. बहुतेक डोंगरांवर उतरायला चढण्याच्या निम्मा वेळ लागतो हा जो ढोबळ हिशेब आपण सगळेच करतो, तो या वाटेवर साफ फसतो.

दुसरी अडचण वाट चुकण्याची. कातळ चढून पठारावर आल्यानंतर बालेकिल्ल्याकडे जाणारी पायवाट आणि देवळाकडे जाणारी पायवाट वेगळ्या होतात, शिवाय गुरांनी पाडलेल्या डझनभर वाटा असतात. स्वच्छ हवेत समोरचे डोंगर पाहून दिशा कळते; धुक्यात सगळ्या टेकड्या सारख्याच. नव्वदच्या दशकातला एक ऑगस्ट महिना मला आठवतो. आम्ही चौघे पहाटेच्या पहिल्या एसटीने कल्याणहून निघालो, खुबी फाट्याला उतरलो, धरणाच्या भिंतीवरून चालत खिरेश्वरला पोहोचेपर्यंत अकरा वाजून गेले होते. एवढ्या उशिरा निघून त्याच दिवशी परत येण्याचा बेत करणारे आम्हीच, त्यामुळे दोष अन्य कोणाचा नाही. खिंडीत पोहोचलो तेव्हा एक वाजला होता. कातळावर चढलो आणि धुके असे उतरले की पुढच्याची पिशवीसुद्धा दिसेना. तास-दीड तास ठळक पायवाटेने चालल्यावर आम्हाला आमच्याच बुटांचे ठसे समोरून येताना दिसले. चौघांपैकी कोणीच काही बोलले नाही. शेवटी म्हशी हाकत निघालेला एक वृद्ध गुराखी भेटला, त्याने घोंगडीतून तोंड बाहेर काढून विचारले, “देवळात जायचंय नव्हं? मग हिकडं कुठं? ही वाट जनावरांची हाय, मानसांची मागंच ऱ्हायली.” त्याने आपल्या म्हशी तशाच सोडून आम्हाला अर्धा तास पुढे आणून सोडले आणि पैसे देऊ केले तर हात झटकले. देवळापाशी पोहोचलो तेव्हा अंधारून आले होते. रात्र गुहेत ओल्या कपड्यांत काढली. घरी निरोप गेला तो दुसऱ्या दिवशी दुपारी ओतूरच्या टेलिफोन बूथवरून. आईने पुढे महिनाभर डोंगराचे नाव काढू दिले नाही.

आम्हाला काही झाले नाही, ते त्या म्हातारबाबांमुळे. पण त्या दिवशी आमची वाट चुकली ती पठारावर नव्हे, कल्याणच्या एसटी स्थानकावरच चुकली होती, असे मला पुढे अनेकदा वाटले. अकरा वाजता पायथ्याशी पोहोचणाऱ्याने खिरेश्वरहून चढूच नये. त्याने नागेश्वर पाहावा, खिंडीपर्यंत जावे, वाघाच्या दगडापाशी बसून डबा खावा आणि माघारी फिरावे. तोही एक चांगला दिवस असतो.

आता तिसऱ्या वाटेविषयी, कारण सध्या चर्चा तिचीच अधिक. माळशेज घाट चढण्यापूर्वीच डावीकडे वळून वाल्हिवरे-बेलपाड्यात गेले की समोर कोकणकड्याची ती प्रचंड अंतर्वक्र भिंत उभी राहते, आणि तिच्या शेजारच्या घळीतून जी वाट वर जाते तिला नळीची वाट म्हणतात. नाव ऐकून कोणाला नळासारखी सरळ सोपी वाट वाटेल. आमच्याकडे डोंगरातल्या अरुंद, दगडधोंड्यांनी भरलेल्या घळीला नळी किंवा नाळ म्हणतात, एवढाच त्याचा अर्थ. कोकणाच्या पातळीवरून सुमारे हजार मीटर चढ, पायाखाली सुटे दगड, मध्ये दोरावाचून पार करू नयेत असे कातळटप्पे, आणि सरावलेल्या गटालाही आठ ते दहा तास. वरून एखाद्याच्या पायाने निसटलेला दगड खाली येतो तेव्हा बाजूला व्हायला जागा नसते. पावसाळ्यात ही घळ म्हणजे धबधब्याचा मार्ग असतो. मी या वाटेने आयुष्यात एकदाच गेलो आहे, हिवाळ्यात, जाणत्या मंडळींबरोबर, दोर घेऊन, आणि त्या रात्री गडावर मुक्काम केला होता. एका दिवसात नळीने चढून पाचनईला उतरणारे गट आहेत हे मला ठाऊक आहे. ते मध्यरात्री उठतात आणि त्यांच्यामागे वर्षांचा सराव असतो. त्यांच्याविषयी मला आदर आहे. पण एक दिवसाच्या सहलींच्या यादीत ‘थरार हवा असल्यास नळीची वाट हाही पर्याय आहे’ असे एखादे वाक्य जेव्हा मी वाचतो, तेव्हा लिहिणारा त्या घळीच्या तोंडाशी तरी उभा राहिला होता का, असा प्रश्न पडतो. हा पर्याय नव्हे. हा वेगळाच उद्योग आहे. खिरेश्वरहून थेट जुन्नर दरवाजाकडे चढणाऱ्या उभ्या वाटेबद्दलही, थोड्या सौम्य शब्दांत, मी हेच म्हणेन.

वाट निवडताना सगळ्यात मोठा घोळ ज्याने होतो तो मात्र चढ नाही. तो सूर्यास्त आहे. कोकणकडा पश्चिमेकडे तोंड करून उभा आहे. त्याची छापली जाणारी छायाचित्रे बहुतेक सूर्यास्ताची असतात, आणि ती पाहून आलेला माणूस सूर्य बुडेपर्यंत कड्यावरून हलायला तयार नसतो. हे मुक्कामाला आलेल्यांना शोभते. एका दिवसात परतणाऱ्याने हिशेब करून पाहावा: डिसेंबरच्या सुरुवातीला सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, कड्यापासून देऊळ अर्धा तास, देवळापासून पाचनई, अंधारात आणि विजेरीच्या उजेडात, दोन तासांहून कमी नाही. म्हणजे साडेआठ-नऊला पायथा, आणि त्यानंतर चालकाने पाच तास गाडी हाकायची. खिरेश्वरला उतरायचे असेल तर रात्रीचे अकरा. एका दिवसाची सहल करायची असेल तर कोकणकड्यावरचा सूर्यास्त सोडून द्यावा लागतो, एवढी साधी गोष्ट कोणी लिहीत नाही, कारण ती सोडली तर छायाचित्र कोणते छापायचे हा प्रश्न उरतो. दुपारचा कोकणकडाही कमी नाही. खालून येणारा वारा तेव्हाही हलकी वस्तू परत वर फेकतो आणि खाली बेलपाड्याची घरे काड्यापेटीएवढी दिसतात. कड्याच्या काठाशी उभे न राहता पालथे पडून पाहावे, हे मात्र दुपारी काय आणि संध्याकाळी काय, सारखेच लागू.

मी सध्या वापरतो तो हिशेब देतो. पहाटे चारला कल्याण सोडले तर नऊच्या सुमारास पाचनई. पावणेबाराला देऊळ. देऊळ, पुष्करणी, केदारेश्वराची गुहा (तिच्यातले पाण्यात उभे असलेले ते भव्य शिवलिंग आणि चार खांबांपैकी शाबूत राहिलेला एक खांब पाहायला दहा मिनिटे पुरत नाहीत) आणि जेवण, असे दीड तास. दोनपर्यंत कोकणकडा. तीनला तिथून उठायचे, कोणी कितीही आर्जव केले तरी. साडेतीनला पुन्हा देऊळ, सव्वापाच-साडेपाचला पाचनई, उजेड असताना. आता हाच दिवस खिरेश्वरहून मांडू. चारला निघून सातला खिरेश्वर, सव्वासातला चालायला सुरुवात, बाराला देऊळ, अर्ध्या तासात जेवण उरकून एकला कोकणकडा, दीडला माघारी, दोनला देऊळ, सहाला खिरेश्वर. जमते, पण केदारेश्वर धावता पाहायचा, तारामती शिखराचे नाव काढायचे नाही, आणि एकाचाही पाय मुरगळता कामा नये. पाचनईच्या दिवसात अर्ध्या-पाऊण तासाची शिल्लक आहे, शिवाय शेवटचा तास चुकण्यासारख्या वाटेवर नाही. खिरेश्वरच्या दिवसात शिल्लक शून्य आहे आणि शेवटचे दोन तास कातळ उतरण्यात आणि खिंडीच्या झाडीत जातात. एवढा फरक ‘मध्यम’ या एका शब्दात मावत नाही.

काही जण खिरेश्वरहून चढून पाचनईला उतरण्याचा बेत करतात, तो भटकंती म्हणून उत्तम; परंतु त्यांची गाडी खिरेश्वरलाच उभी असते आणि पाचनईहून कोतूळ, ब्राह्मणवाडा, ओतूर असा वळसा घालून तिथवर यायला दोन तासांहून अधिक लागतात. चालक वेगळा असेल तरच हा बेत करावा.

ऋतूचाही विचार वाटेसोबतच व्हायला हवा. मेमध्ये खिरेश्वरच्या टेकड्यांवर पाणी नाही आणि सावलीही विरळ, तेव्हा पायथ्यापासून माणशी तीन लिटर पाणी पाठीवर घेणे भाग आहे. पावसात पाचनईची वाट सुंदर असते, परंतु ओढा ओलांडावा लागतो, आणि वर जोराचा पाऊस झाला की त्याचे पाणी बघता बघता चढते. गुडघ्याच्या वर गेलेले पाणी ओलांडू नये, ओसरेपर्यंत थांबावे, असे पाचनईचे लोक सांगतात आणि ते स्वतःही तसेच वागतात.

फोनमधल्या नकाशांविषयी एक सूचना. नकाशात ‘हरिश्चंद्रगड’ असे लिहून त्यामागे गाडी सोडू नये. गड म्हणजे डोंगराचा माथा. तिथे गाडी जात नाही, त्यामुळे फोन आपल्या मताने एखादा पायथा निवडतो, आणि तो आपल्या मनातला असेलच असे नाही. फोनला गड विचारू नये, गाव विचारावे. पाचनई किंवा खिरेश्वर असे नाव टाकावे, आणि शेवटच्या मोठ्या गावात, म्हणजे राजूरला किंवा ओतूरला, चहा घेताना ते नाव माणसांकडून एकदा पडताळून पाहावे. कोणी तरी चालून नोंदवून ठेवलेली वाट फोनवर उतरवून घेताना ती कोणत्या महिन्यात चाललेली आहे आणि किती तासांत, हे पाहिल्याशिवाय तिच्यावर विसंबू नये.

व्यावसायिक सहली नेणाऱ्यांविषयी लिहायचे तर बरेच आहे, पण येथे विषयापुरतेच लिहितो. समाजमाध्यमांवर फिरणाऱ्या त्यांच्या जाहिरातींत दर मोठ्या अक्षरांत असतो आणि पायथ्याचे गाव असलेच तर अगदी बारीक अक्षरांत. गेल्या हिवाळ्यात पाचनईच्या वाटेवर मला एक मुलगी भेटली; रात्रभर बसमध्ये बसून पहाटे पोहोचलेली, झोप नाही, पायांत शहरातले गुळगुळीत तळव्याचे बूट. आपण कोणत्या गावातून चढत आहोत, असे मी सहज विचारले. तिला सांगता आले नाही. तिच्याबरोबरच्या पाच-सहा जणांनाही सांगता आले नाही. ‘ते पुढे गेलेत, त्यांना माहीत असेल,’ असे उत्तर मिळाले. मुलगी हुशार होती, चालतही छान होती. पण पुढे गेलेल्यांची आणि तिची चुकामूक झाली असती, तर मदतीसाठी ११२ क्रमांकावर फोन लागूनही ती आपला ठावठिकाणा काय सांगणार होती? ज्या डोंगराच्या तीन बाजू तीन जिल्ह्यांत आहेत, तिथे नुसते ‘हरिश्चंद्रगडावर आहे’ असे सांगितल्याने मदत कोणत्या बाजूने पाठवायची हे कळत नाही. आणि मदत म्हणजे तरी कोण? डोळी करून माणूस खाली आणणारे पाचनई-खिरेश्वरचे गावकरीच सर्वांत आधी पोहोचतात.

वाटाड्या घेण्यात कमीपणा वाटतो, असेही दिसते. चौघांत विभागला तर वाटाड्याचा खर्च एका वेळच्या हॉटेलातल्या जेवणाइतकाही पडत नाही. खिरेश्वरहून पहिल्यांदाच जाणाऱ्याने, विशेषतः जून ते सप्टेंबर या काळात, गावातला माणूस घेतल्याशिवाय निघू नये. त्याच्याकडून रानाची जी माहिती मिळते ती वेगळीच.

आता आपल्याकडे मागणे. यापुढे डोंगरांच्या याद्या छापताना प्रत्येक नावाखाली पायथ्याचे गाव आणि तालुका द्यावा, सामान्य चालीने चढायला आणि उतरायला लागणारे तास वेगवेगळे द्यावेत, आणि त्या ऋतूत किती वाजता माथा सोडला म्हणजे उजेडात पायथा गाठता येतो ती वेळ द्यावी. श्रेणी द्यायचीच असेल तर ती डोंगराला न देता वाटेला द्यावी. यासाठी चार ओळींहून जास्त जागा लागणार नाही. कोकणकड्याचे छायाचित्र दोन बोटे लहान केले तरी त्या मावतील.

दुसरी विनंती आपल्यामार्फत वन विभागाला आणि तिन्ही जिल्ह्यांच्या प्रशासनाला. पायथ्याच्या तिन्ही गावांत आणि तोलार खिंडीत एकाच मजकुराचे फलक असावेत: ही वाट कोणती, देवळापर्यंत किती तास, आणि किती वाजल्यानंतर येथून पुढे जाऊ नये. कातळ चढून गेल्यावर जिथे बालेकिल्ल्याची आणि देवळाची वाट वेगळी होते तिथे तर धुक्यातही हाताला लागेल असा दगडी खांब हवा, कारण रंगवलेले बाण पावसाने पुसट होतात आणि लाकडी पाट्या शेकोटीत जातात. जिल्हे तीन असल्याने हे काम आपले नाही असे प्रत्येकाला वाटू शकते. अशा वेळी वृत्तपत्राने एकदा विचारलेले बरे पडते.

येत्या रविवारी माझी नात आणि तिच्या महाविद्यालयातल्या मैत्रिणी गडावर जाणार आहेत. त्यांचे खिरेश्वरचे ठरले होते, कारण फोनवर तेच जवळचे दिसत होते. काल रात्री जेवणानंतर वरचा वेळांचा हिशेब मी त्यांना कागदावर लिहून दाखवला. थोडी कुरकुर झाली, सूर्यास्तावरून जास्त झाली. पण आता त्या पाचनईहून जात आहेत आणि तीन वाजता कोकणकडा सोडण्याचे कबूल करून बसल्या आहेत.

आपला नम्र,
एक जुना वाचक
कल्याण (पश्चिम)